इटलीत आपल्या पलटणीच्या माणसांना भेटायला जायचं असेल तर

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून येणाऱ्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की दुसऱ्या महायुद्धात याच इटलीत तेव्हाच्या हिंदी फौजेचे ५,७८२ जवान कामी आले. त्यांच्या समाध्या आणि नावं इटलीभर चाळीस ठिकाणी जपलेली आहेत. हे जपण्याचं काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करतं. आम्ही नवरा-बायको आणि रोमला नोकरी करणारी आमची मुलगी, असे तिघं ऑक्टोबरअखेरीस कमिशनच्या दोन दफनभूमी आणि मोंतोने गावातलं, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक बघून आलो. जाण्याआधी मराठीत कामाची माहिती मला कुठे सापडली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निकाल आधीच सांगतो. निगराणीला पाचपैकी पाच, माहिती शोधून देण्याला चार, भारतातून येणाऱ्याच्या सोयीला तीन.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. सारी नोकरी स्टँडवर गेली. त्यामुळे कुठेही गेलो की पाटी नीट आहे का, जागा झाडलेली आहे का, विचारणाऱ्याला धड उत्तर मिळतं का, याकडे नजर जातेच. आमचं गाव माणगाव तालुक्यात. माणगावच्या तहसील कचेरीपाशी यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तो लहानपणापासून बघत आलो. आणि आमच्या घरातही इटलीत गेलेला एक माणूस आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९४३ च्या हिवाळ्यात तार आली. पुढे थोरल्या आजीला पेन्शन सुरू झालं. ते कुठे पडले, अग्नी कोणी दिला, दिला की नाही, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. थोरली आजी विचारलं की ‘इटालीत’ एवढंच सांगायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची.

त्यामुळे सुरुवात प्रवासापासून नाही, शोधण्यापासून करतो. कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतली सतरा लाख नावं आहेत. शोध फुकट आहे, नाव सापडलं की प्रमाणपत्रासारखा कागदही फुकट उतरवून घेता येतो. पण नुसतं आडनाव टाकून थांबलात तर निराश व्हाल. त्या काळी पलटणीतल्या कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहून घेतलं. शिंदे, मोरे, जाधव, सगळ्यांची स्पेलिंगं निरनिराळी. काही ठिकाणी नावाच्या जागी आडनाव, काही ठिकाणी आडनावच नाही. रेजिमेंट शोधतानाही मराठा हे नाव तेव्हाच्या सरकारी पद्धतीने, मध्ये जादा एच घालून लिहावं लागतं. आणि मुख्य म्हणजे जुने जिल्हे. बऱ्याच नोंदींमध्ये वडलांचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. त्या रकान्यात रायगड टाकून काही हाती लागत नाही, कारण आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी टाकावं. आमच्या मुलीने कुलाबा, पलटण आणि १९४३ एवढंच टाकून यादी काढली आणि एकेक नाव मला फोनवर वाचून दाखवलं. थोरल्या आजोबांचं नाव आलं तेव्हा त्याच्याखाली थोरल्या आजीचंही नाव होतं. सरकारी कागदावर तिचं नाव मी पहिल्यांदाच बघत होतो. पेन्शनच्या पुस्तकावर नुसतं ‘विधवा’ असायचं.

त्या नोंदीत ठिकाण होतं सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल.

हे नीट समजून घ्यायला हवं. कमिशनच्या नियमाने ज्याची त्याची सोय ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे. मुसलमान जवानांचं दफन झालं, हिंदू आणि शीख जवानांचं शक्य तिथे दहन. ज्यांना अग्नी दिला गेला त्यांची समाधी नसते, म्हणून त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत: सांग्रो नदीकाठी, फोर्लीला आणि रिमिनीला. ज्यांचा देहच सापडला नाही किंवा ओळखू आला नाही, त्यांची नावं कासिनोच्या मोठ्या स्मारकावर. म्हणजे आपला माणूस कोणत्या यादीत आहे एवढ्यावरून त्याला अग्नी मिळाला की नाही, हे कळतं. आमच्या घरात सत्तर-ऐंशी वर्षं कोणाला न सुटलेला प्रश्न त्या एका ओळीने सुटला. ही सेवा कमिशन करतं याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे मनापासून लिहितोय.

कासिनोला आधी गेलो, कारण तिथे जायला सोपं. रोमा तेर्मिनी स्टेशनवरून साधी लोकल गाडी, साधारण दोन तास. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून छापून घ्या, नाहीतर दंड आहे. कासिनो स्टेशनपासून दफनभूमी किलोमीटरभर, सांत आंजेलोच्या रस्त्यावर. सपाट रस्ता आहे, आमची ही गुडघ्यांचं दुखणं घेऊनही चालली. आत दुकान, चहापाणी असलं काही नाही, ते सगळं स्टेशनवरच उरका. फुलंही गावातून घ्या.

डोक्यावर मोंते कासिनोचा डोंगर आणि त्यावर मठ. १९४४ च्या जानेवारी ते मे, चार वेळा लढाई झाली ती या डोंगरासाठी. १५ फेब्रुवारीला विमानांनी मठ पाडला, तो पुढे पुन्हा बांधला. खाली ४,२७१ जणांची दफनभूमी, आणि तिच्या मधोमध पाण्याचा लांब हौद. हौदाच्या दोन्ही बाजूंना हिरवट संगमरवराच्या उंच शिळा आहेत, त्यांवर समाधी नसलेल्या चार हजारांवर माणसांची नावं. लुई द सोआसों या वास्तुकाराने हे बांधलं आणि १९५६ मध्ये फील्ड मार्शल अलेक्झांडरच्या हातून त्याचं अनावरण झालं.

यशवंत घाडगे यांचं नाव इथे आहे. पळसगावचा हा पोरगा १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला, वय बावीस. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनचे सगळे मेले किंवा जखमी झाले, हा एकटा उरला. एकट्याने धावत जाऊन ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. हे सगळं मी शाळेत असताना पुतळ्याखाली उभं राहून ऐकलेलं आहे. पण पुतळा बघणं वेगळं आणि त्या शिळेवर मराठा पलटणीच्या नावांच्या रांगेत ते नाव हुडकणं वेगळं. तिथे तो एकटा नाही. वर-खाली त्याच्या बरोबरीची आडनावं आहेत, महाड-पोलादपूरची, साताऱ्याची, कोल्हापूरची, ज्यांचे पुतळे कोणी उभारले नाहीत.

नाव कसं शोधायचं तर तिथे शिस्त आहे: आधी पलटण, मग हुद्दा, मग वर्णानुक्रम. ही शिस्त एकदा कळली की पाच मिनिटांत नाव सापडतं. प्रवेशाजवळ भिंतीत पितळी झाकणाची पेटी असते, तिच्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही. अभिप्राय मराठीत लिहा, मी लिहिला.

बाकीच्या शिळा फिरून बघा. सगळ्या एका मापाच्या, ब्रिगेडियर असो की शिपाई. हिंदू जवानाची शिळा असेल तर तिच्यावर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरायची कमिशनची रीत आहे. खडकीची वॉर सिमेट्री ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही हिरवळ आणि ही सरळ रेघ ओळखीची वाटेल, कारण तीही याच कमिशनकडे आहे.

आता सांग्रो. इथे जायला गाडी करावीच लागते. रोमहून बसने डोंगर ओलांडून पेस्काराला गेलो, तिथून मुलीने गाडी भाड्याने घेतली. समुद्राच्या कडेकडेने तासाभराचा रस्ता. तोरीनो दि सांग्रो गावाच्या हद्दीत, नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून दफनभूमी आहे. भोवती जैतुनाच्या बागा. झाडांखाली जाळी अंथरून फळं झोडपणं चालू होतं, ट्रॅक्टर उभे होते, माणसं झाडाखालीच जेवायला बसली होती.

ज्या खोऱ्यात हे चाललं होतं त्याच खोऱ्यात १९४३ च्या नोव्हेंबरात आठवी हिंदी डिव्हिजन नदी ओलांडत होती. पावसाने नदी चढली होती, घातलेले पूल वाहून जात होते, चिखलातून गाड्या हलत नव्हत्या. आम्ही गेलो तेव्हा नदी पात्राच्या एका कडेने गुपचूप वाहत होती. पुलावर गाडी थांबवून मी खाली बघितलं. पलीकडचा चढ उघडा आहे, आडोसा काही नाही. कोकणातल्या पोराला नदीचं भय नसतं, पण तो चढ आणि ती थंडी त्याने कधी बघितली नसणार.

दफनभूमीत २,६१७ समाध्या आहेत, आणि दहन स्मारकावर पाचशेवर हिंदी जवानांची नावं. आम्ही पोचलो तेव्हा एक माळी शिळांच्या कडेचं गवत कापत होता. मशीन शिळेच्या जवळ नेत नव्हता, वीतभर अंतर ठेवायचा, आणि ते वीतभर गवत गुडघ्यावर बसून हातकात्रीने कापायचा. प्रत्येक शिळेपाशी बसायचं, कापायचं, हाताने कातरण उचलून घमेल्यात टाकायची, उठायचं. प्रत्येक शिळेच्या पायथ्याशी फुलझाडं, त्यांत तण म्हणून शोधून सापडला नाही. मी मुद्दाम मागच्या रांगांमध्ये जाऊन बघितलं. दर्शनी भाग चकाचक आणि मागे उकिरडा, असं मी उभ्या जन्मात फार बघितलंय. इथे शेवटची रांगही पहिलीसारखीच होती.

मुलीने त्याला इटालियनमध्ये सांगितलं की बाबांचे आजोबा इथे आहेत. त्याने मशीन बंद केलं, हातमोजे काढले आणि आम्हाला स्मारकापाशी घेऊन गेला. मी नाव शोधेपर्यंत तो बाजूला उभा होता. नाव सापडलं. हुद्दा सिपॉय. इंग्रजी अक्षरं, स्पेलिंग आम्ही लिहितो त्याहून वेगळं, पण माणूस आमचाच. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आमच्या हिने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, “भाऊजीबुवा, घरचे आलोत.” आमच्या घरात त्यांना सगळ्या सुना हेच म्हणत, न बघताच. मी पलटणीची घोषणा एकदा दिली, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. आवाज खोऱ्यात गेला. जैतुनाखालची माणसं वळून बघायला लागली आणि एकाने टोपी काढली.

विधींबद्दल लोक विचारतील म्हणून सांगतो. गावची माती न्यायची फार इच्छा होती, पण युरोपात माती नेता येत नाही, विमानतळावर काढून टाकतात. रोप, पानंही नकोत. नारळ मात्र चालतो. हळदकुंकू, तेल, दिवा दगडाला लावू नका. डाग पडतो, आणि तो घासायला पुन्हा त्याच माळ्याला बसावं लागतं. आम्ही फुलं वाहिली, नारळ स्मारकापुढे ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर रस्त्याच्या कडेला येऊन वाढवला. खोबऱ्याचा तुकडा माळ्याला दिला. काय आहे ते मुलीने समजावून सांगितलं. त्याने टोपी काढून दोन्ही हातांत घेतला आणि तिथेच खाल्ला. आमची गाडी हलेपर्यंत त्याने मशीन पुन्हा चालू केलं नाही.

मोंतोने कमिशनकडे नाही, तिथलं स्मारक गावाने स्वतः केलंय. पेरुजाच्या उत्तरेला डोंगरावरचं तटबंदीचं छोटं गाव, गाडी खाली लावून चढावं लागतं. २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या नगरपालिकेने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी मिळून घाडगे यांचं स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिन वाक्य, ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’, एकाच सूर्याखाली आपण सारे. कॉफीच्या दुकानातल्या बाईंना मी फोनवर फोटो दाखवला तर त्यांनी यशवंत हे नाव बऱ्यापैकी नीट उच्चारलं आणि दारापर्यंत येऊन रस्ता दाखवला. स्मारक मोठं नाही. ऊन असेल तेव्हाच जा, ढगाळ दिवशी घड्याळाचा अर्थ उरत नाही. एका परक्या देशातल्या गावाला आपल्या माणगावच्या माणसासाठी पैसे उभे करावेसे वाटले, याचं मोल मला फार वाटतं.

इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी फौजेला, आणि त्या सहांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीला. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं आणि मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या मोडल्या. ते जिवंत परत आले. सेनिओ आणि फोर्ली आमचं राहिलं. पुढच्या खेपेला तिकडेच.

आता सोयीला तीनच का, ते. नोंदवही, पाट्या, माहितीफलक, सगळं इंग्रजी आणि थोडं इटालियन. आमच्याबरोबर मुलगी होती म्हणून निभावलं. पण साताऱ्याकडचा एखादा निवृत्त हवालदार मुलाच्या जिवावर इथवर आला, तर त्याला फलकावरचं काही वाचता येणार नाही. हिंदी, मराठी, पंजाबी, नेपाळी, उर्दू, एवढ्या भाषांत एकेक पानाचा कागद त्या पितळी पेटीत ठेवता येईल. कमिशनचा खर्च सहा सरकारं उचलतात, त्यांत भारत सरकारचाही वाटा आहे. तेव्हा हे मागणं उपकाराचं नाही.

दुसरं, सगळीकडे असंच चोख आहे असं कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. तिथल्या बसरा स्मारकावर हजारो हिंदी शिपायांची नावंच नव्हती, नुसते आकडे होते. २०२१ मध्ये कमिशनने स्वतः चौकशी समितीचा अहवाल छापला आणि अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. इटलीत शिपायाचं नाव जनरलच्या शेजारी त्याच मापाच्या अक्षरांत बघितल्यावर बसऱ्याचं दुःख जास्त होतं. हे त्यांना तेव्हाही करता आलं असतं.

आणि आपल्याकडच्या सहल कंपन्या. एका कंपनीची बस रोमहून नेपल्सकडे जाताना हमरस्त्यावरून कासिनोच्या अगदी जवळून जाते, मठ खिडकीतून दिसतो. आमच्या शेजाऱ्यांनी तासभर थांबवा म्हणून विनंती केली तर ‘कार्यक्रमात बसत नाही’ असं उत्तर मिळालं. चामड्याच्या दुकानात तेच लोक दोन तास थांबवतात. पोलंडची माणसं आपल्या जवानांना भेटायला कासिनोचा डोंगर चढून येतात. आपण बसमधून फोटो काढून पुढे जातो, याचा मला राग आहे. सहल ठरवताना दहा जणांनी लेखी मागणी केली तर कार्यक्रमात बसेल.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा, जुलै-ऑगस्टमध्ये या ठिकाणी सावली नाही. घरच्या माणसाचा शिपाई नंबर जुन्या पेन्शनच्या पुस्तकावर किंवा मेडलच्या कडेला कोरलेला असतो, तो आधी हुडका. नंबर मिळाला तर स्पेलिंगच्या भानगडीत पडावं लागत नाही. नोंदीत नाव-गाव चुकलेलं दिसलं तर पुरावा जोडून दुरुस्तीची विनंती कमिशनला करता येते. आमच्या नोंदीत गावाचं नाव वेगळं लागलंय, त्यासाठी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढायला मी या सोमवारी तहसीलला जातोय. तालुक्यातल्या कोणाला अशी नक्कल काढायची असेल तर तिथे भेटा, अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे.